डावीकडे औषध, उजवीकडे तेल

डाव्या बाजूला एका चौरस सेंटिमीटरमध्ये अठ्ठ्याण्णव केस होते, उजव्या बाजूला सत्त्याण्णव. दोन्ही आकडे टाळूवरचे. मोजणारी बायको होती. तिच्या एका हातात विणकामाची सुई होती आणि दुसऱ्या हातात नवऱ्याने कारखान्यातून आणलेलं दिवा बसवलेलं भिंग. ज्याचं डोकं मोजलं जात होतं, तो जेवणाच्या टेबलावर कपाळ टेकून श्वास रोखून बसला होता. मघाशी तो एकदा शिंकला होता आणि साठाच्या पुढचं सगळं विसकटून गेलं होतं.

"एका केसाचा फरक चालेल," तो टेबलाशी बोलल्यासारखा म्हणाला.

"चालेल नाही, चालवावाच लागेल. मी पुन्हा मोजणार नाही."

हा गृहस्थ रंगाच्या कारखान्यात तपासनीस होता. नवा रंग आला की एका पत्र्याच्या अर्ध्या भागाला तो लावायचा, उरलेल्या अर्ध्याला जुना लावायचा, पत्रा गच्चीवर उन्हात ठेवायचा आणि वाट बघायची, हे त्याचं काम. विक्रीवाले येऊन रंगाची कितीही स्तुती करोत, तपासनीस नुसता गच्चीकडे बोट दाखवी. त्याच्या लेखी जगात पटण्यासारखा पुरावा एकच होता: पत्रा एक, अर्धा असा आणि अर्धा तसा. पुढे जे रामायण घडलं, ते या सवयीतून घडलं. पत्रा आणि डोकं यांत फरक असतो, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण दोन्ही ठिकाणी पृष्ठभाग उघडा पडत चालला होता आणि ते थांबवायचं होतं, एवढं साम्य त्याला पुरेसं वाटलं.

केस गळू लागले तेव्हा तो सरळ त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला होता. बाईंनी डोकं बघितलं, वडिलांचं आणि आईच्या भावांचं डोकं कसं होतं ते विचारलं आणि सांगितलं की यात पाण्याचा, साबणाचा किंवा टोपीचा काही दोष नाही. दिवसाला शंभरेक केस सगळ्यांचेच गळतात. पुरुषांच्या टाळूवरची आणि कपाळाजवळची मुळं शरीरातल्याच एका द्रव्यापुढे हळूहळू नमतात, दर खेपेला उगवणारा केस आधीपेक्षा बारीक येतो, आणि ही देणगी आईवडील दोघांकडूनही येऊ शकते. बाईंनी एक औषध दिलं. पाण्यासारखं पातळ, सकाळ-संध्याकाळ एकेक मिलिलिटर टाळूवर लावायचं. पहिल्या काही आठवड्यांत उलट जास्त गळेल, तेव्हा घाबरून सोडायचं नाही. फरक दिसायला चार महिने तरी लागतील, आणि बंद केलं की मिळवलेलं सगळं परत जाईल.

तपासनीसाने विचारलं, अर्ध्याच डोक्याला लावलं तर?

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "ते औषध आहे, रंग नाही. सगळीकडे लावा."

डॉक्टरांपुढे माणसं डोलवतात तशी त्याने मान डोलवली आणि तो घरी आला.

उरलेल्या अर्ध्या डोक्यावर मेहुण्याचा डोळा होता. मेहुणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून. घराण्यात सगळ्यांत उंच माणूस, इतका की त्याच्याशी बोलणाऱ्याला त्याची हनुवटी आधी दिसे आणि चेहरा नंतर. गेल्या वर्षभरात त्याने कसली कसली पानं आणि बिया उकळून एक हिरवट-काळं तेल तयार केलं होतं. बाटलीचं झाकण उघडलं की शेजारची खिडकी बंद होई. या तेलाने केस उगवतात यावर त्याचा इतका विश्वास होता की नोकरी सोडून तेलाचा कारखाना काढायचं त्याने ठरवलं होतं. राजीनामा लिहून खिशात तयार होता. अडला होता तो एका गोष्टीपाशी. जाहिरातीत दाखवायला एक डोकं हवं होतं.

"जावईबापू, तुमचं डोकं बोलेल ते मला मान्य," तो म्हणाला. "एका बाजूला तुमचं दुकानातलं पाणी, एका बाजूला माझं तेल. चार महिन्यांनी मोजू. तेल हरलं तर राजीनामा तुमच्यासमोर फाडतो. जिंकलं तर त्याच दिवशी साहेबाच्या टेबलावर ठेवतो."

तपासनीसाला यापेक्षा जास्त आग्रहाची गरज नव्हती. त्याच संध्याकाळी मेहुण्याची बायको मात्र चहाचे कप उचलण्याच्या निमित्ताने त्याला स्वयंपाकघरात गाठून बोलली. "भावोजी, खरं असेल तेच सांगा. तेल चांगलं असेल तर मी स्वतः पानं वाटत बसेन. पण नसेल तर त्यांना तुम्हीच सांगा. माझं ऐकत नाहीत. दोन मुलं आहेत, आणि त्या कचेरीखेरीज आमच्याकडे दुसरं काही नाही." तपासनीसाने तिला शब्द दिला. तोवर त्याच्यासाठी हा एक मजेशीर प्रयोग होता. वहिनी कप घेऊन गेल्यावर आपल्या डोक्यावर नुसते केस नाहीत, एक घर उभं आहे, असं त्याला वाटू लागलं, आणि त्या विचाराने आणखी दोन-चार केस गळले असतील तर नवल नाही.

दर वेळी नेमकी तीच जागा मोजता यावी म्हणून त्याने जुन्या एक्स-रेच्या फिल्मची टोपी कापली. ती कानांवर आणि नाकाच्या शेंड्यावर टेकवून बसवायची. टाळूवर तिला दोन चौकोनी खिडक्या होत्या, एक डावी, एक उजवी. टोपीवर त्याच्या आईच्या गुडघ्याचं हाड अजून दिसत होतं. ते पाहून आई म्हणाली की एवढं शिकवलं ते शेवटी माझा गुडघा डोक्यावर घेऊन बसण्यासाठी. मधोमध भांग पाडायचा, डावीकडे औषध, उजवीकडे तेल, बोटं प्रत्येक वेळी धुवायची. मेहुणा दर रविवारी येई, तेलाची भरलेली बाटली देई, रिकामी परत नेई, न्हाणीघरात हात धुऊन येई आणि डोक्याची पाहणी करून जाई.

दुसऱ्या महिन्याच्या तोंडाशी डावी बाजू गळू लागली. बाईंनी सांगितलं होतं तसंच झालं, पण सांगितलेलं ऐकणं वेगळं आणि उशीवर बघणं वेगळं. उजवी बाजू आपली शांत होती. मेहुण्याला आकाश ठेंगणं झालं, आणि त्याच्या उंचीला ते तसं अवघड नव्हतंच. तपासनीसाने त्याला समजावलं की जुने थकलेले केस आधी जागा सोडतात आणि मग नवे येतात, ही औषध लागू पडल्याची खूण आहे. मेहुणा पोट धरून हसला. गळणं हीच वाढ असेल तर आमच्या कचेरीतल्या गळक्या नळांना मी बक्षीस द्यायला हवं, असं तो म्हणाला, आणि जाताना तपासनीसाचं डोकं दोन्ही बाजूंनी मोबाइलवर टिपून घेऊन गेला. पुढच्या रविवारी तेलाच्या बाटलीवर छापील चिठ्ठी होती. तिच्यावर तपासनीसाचं अर्धं डोकं होतं, उजवं.

कारखान्यात तर भलतंच सुरू झालं. प्रयोगशाळेत त्याच्या डावीकडे मुख्य रसायनतज्ज्ञ बसत आणि उजवीकडे खरेदीचे साहेब. डावीकडच्या साहेबांना तो महिनाभरात खंगत चाललेला दिसला. ते मनाने हळवे होते. त्यांनी काही न विचारता त्याचं अर्धं काम काढून घेतलं, त्याची खुर्ची पंख्याखाली सरकवली आणि त्याच्याशी हळू आवाजात बोलू लागले. उजवीकडच्या साहेबांना तो ठणठणीत दिसत होता आणि हल्ली रिकामा बसतो असंही दिसत होतं, म्हणून त्यांनी त्याला आपलं काम द्यायला सुरुवात केली. एके दिवशी दोघे साहेब त्याच्या डोक्यावरून एकमेकांशी भांडले. एक म्हणाले, माणसाकडे बघून तरी काम सांगा. दुसरे म्हणाले, बघूनच सांगतोय. तपासनीसाला दोघांचंही पटत होतं. त्याने दोघांना जागा बदलून बघायला सुचवलं, पण ते कोणी मनावर घेतलं नाही.

न्हाव्याने वेगळीच अडचण केली. तो जुना, मान राखणारा माणूस होता. एक बाजू विरळ आणि एक दाट ठेवून गिऱ्हाइकाला रस्त्यावर सोडणं त्याच्या धर्मात बसत नव्हतं. उजवी बाजू जरा हलकी करतो, असं म्हणत त्याने कात्री उचलली, तेव्हा तपासनीसाने दोन्ही हातांनी उजवी टाळू झाकून घेतली. बाकी लोक केस कापायला येतात आणि तुम्ही राखण करायला, असं न्हावी म्हणाला आणि त्याने तेवढा भाग सोडून कापले.

मग आईचं प्रकरण उघडकीला आलं. एका रविवारी दुपारी जेवून तपासनीस पडला होता. उठल्यावर त्याला उशीच्या डाव्या बाजूला हिरवट डाग दिसला. डाव्या बाजूला तेल लागायचं काहीच कारण नव्हतं. त्याने उशी हुंगली, मग आईचा हात हुंगला.

"आई, डावीकडे तेल लावलंस?"

"लावलं," आई म्हणाली. "एका ताटात वाढायचं आणि शेजारच्या ताटाला उपाशी ठेवायचं, असं मी या घरात कधी केलेलं नाही."

"डावीकडे औषध आहे ना पण."

"आणि ते औषधच तिला खातंय. बघवत नाही रे. तू झोपलास की लावते थोडं."

कधीपासून, हे तिने सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. उत्तर ऐकून प्रयोग बंदच करावा लागला असता. पुन्हा लावायचं नाही, एवढं तिच्याकडून कबूल करून घेतलं आणि बायकोलाही काही बोलू नकोस म्हणून सांगितलं. बायकोला ते आधीपासून माहीत होतं. उशीचे अभ्रे तीच धूत होती.

या सगळ्यात त्याला खरी झोप लागू देत नव्हती ती औषधाची बाटली. त्याचा खर्च अर्ध्या डोक्याचा, त्यामुळे बाटली दुप्पट पुरायला हवी होती. ती तेवढी तर पुरत नव्हतीच, उलट पूर्ण डोक्याच्या हिशेबाच्याही आधी संपत होती. दुसरा कोणी असता तर त्याने घरात विचारलं असतं. याने थोडं औषध वाटीत ओतून वाटी खिडकीत ठेवली आणि बाष्प होऊन किती उडतं ते रोज तराजूवर तोलून बघितलं. मग ड्रॉपर गळतो का ते बघितलं. मग बाटलीच्या काचेला तडा आहे का ते भिंगातून बघितलं. बायको म्हणाली, बाटलीला पाय फुटले असतील. तीही शक्यता तपासावी असं त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर उमटलं, असं ती नंतर सांगत असे.

चौथा महिना उलटला आणि मोजणीचा दिवस आला. टेबलाभोवती सगळे जमले. मेहुणा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि खिशातून राजीनाम्याचं पाकीट डोकावत होतं. साहेब आज दुपारपर्यंत कचेरीत आहेत, असं त्याने आल्याआल्या सांगून ठेवलं. वहिनी भिंतीला टेकून उभी होती. तिने तपासनीसाकडे एकदाच पाहिलं आणि नजर खाली वळवली. बायकोने टोपी बसवली, दिवा लावला आणि सुई चालू झाली.

"डावीकडे एकशे बारा," बायको म्हणाली. मग बराच वेळ गेला. "उजवीकडे चौऱ्याण्णव."

वहिनीने सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला. मेहुण्याचा हात खिशाकडे गेला. शब्दाचा माणूस होता, पाकीट फाडलं असतं. पण तेवढ्यात आईला राहवलं नाही. खोटेपणा तिच्या रक्तात नव्हता आणि श्रेय एकट्या औषधाला जाताना बघणं तिला जमेना.

"डावीकडे तेलही होतं बरं का," ती म्हणाली. "मी लावायची."

तपासनीसाने डोळे मिटून घेतले. मेहुण्याचा हात खिशापाशीच थांबला आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"म्हणजे," तो म्हणाला, "जिकडे केस वाढले तिकडे माझं तेल होतं."

"उजवीकडेही तेलच होतं, दादा," बायको म्हणाली. "तिकडे तीन कमी झाले."

"नुसतं होतं तिकडे. इकडे खाली पाणी, वर तेल. पाणी वाट करून देतं, काम तेल करतं. जावईबापू, शास्त्रज्ञ तुम्ही आहात. सांगा, हे खोटं आहे असं छातीवर हात ठेवून म्हणता?"

तपासनीसाची पंचाईत झाली. खोटं आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं, पण छातीवर हात ठेवायला पुरावा लागतो, आणि पुराव्यावर आईने तेल ओतलं होतं. नुसतं तेल असलेली बाजू होती. दोन्ही असलेली बाजू होती. ज्यावर फक्त औषध आहे आणि तेलाचा थेंबही नाही, असा पत्राच त्याच्याकडे नव्हता. त्याने वहिनीला शब्द दिला होता खरं तेच सांगायचा, आणि खरं एवढंच होतं.

"खोटं आहे असं या मोजणीवरून म्हणता येणार नाही," तो म्हणाला.

"झालं तर मग," मेहुणा म्हणाला आणि दाराकडे निघाला. वहिनी पदर बोटाला गुंडाळत राहिली. बायको भिंग हातात तसंच घेऊन भावाच्या मागे धावली. दादा, चार दिवस थांब, दादा, मुलांची फी, असं काहीबाही ती बोलत होती. मेहुणा उंबऱ्यापाशी बूट घालायला वाकला. एरवी त्याची टाळू बघायची तर शिडी लागली असती. आता ती बायकोच्या हनुवटीखाली आली आणि भिंगाचा दिवा तिच्यावर पडला.

"दादा, हलू नकोस," बायको म्हणाली.

"काय झालं?"

"हे बारीक, नवे, सरळ उभे केस. मघाशी डाव्या खिडकीत मी हेच बघितले." ती आणखी खाली वाकली. "आणि टाळू विरळ आहे की रे तुझी."

मेहुणा एका पायात बूट घालून उभा राहू लागला, पण बहिणीने खांदा दाबून धरला होता. त्याने सावरून घ्यायचा प्रयत्न केला. हा तर तेलाचाच गुण, दुसरं काय, असं तो म्हणाला. त्यावर इतका वेळ गप्प असलेली वहिनी अगदी भाबडेपणाने बोलली.

"तेल कुठलं लावताय? त्या वासाने तुमचं डोकं उठतं. तुम्ही ते बिनवासाचं लावता ना."

"बिनवासाचं?" तपासनीसाने विचारलं.

"पाण्यासारखं असतं. तेलाचाच नवा प्रकार म्हणाले. तुमच्या रिकाम्या बाटल्या परत येतात ना भावोजी, त्यातूनच तर येतं."

आईने, आयत्या बिळावर नागोबा, असं पुटपुटून घेतलं. मेहुणा बूट काढून दाराशीच बसला आणि मग सगळं सांगत गेला. पहिल्याच रविवारी हात धुताना बाटली दिसली होती. प्रतिस्पर्धी मालाचा अभ्यास म्हणून थोडं नेलं. मग राहवेना.

"गळायला लागले तेव्हा सोडलं नाहीत?" तपासनीसाने विचारलं.

"घाबरलो होतो. पण तुम्हीच सांगितलंत ना, जुने जातात आणि मग नवे येतात म्हणून."

"तेव्हा तुम्ही हसलात."

"तुमच्यासमोर हसलो," मेहुणा म्हणाला. "घरी जाऊन विश्वास ठेवला."

बायकोला वाटलं की नवरा आता चिडेल. बाटलीपायी त्याने वाट्या तोलल्या होत्या, काच तपासली होती. पण तपासनीस मेहुण्याकडे बघत होता ते गच्चीवरच्या पत्र्याकडे बघावं तसं.

"दिवसातून किती वेळा लावता?"

"दोनदा."

"किती?"

"एक मिलिलिटर. बाटलीवर लिहिलंय तसं."

"सगळ्या टाळूला?"

"मग काय अर्ध्या?"

"आणि तेल एकदाही नाही. चुकूनसुद्धा. आमच्या आईने कधी हात फिरवला असेल?"

"माझा हात पोचतो का तिथवर," आई म्हणाली.

तपासनीस खुर्चीवर बसला आणि लगेच उठला. हाच तो तिसरा पत्रा होता. फक्त एकाच गोष्टीसाठी त्याचा जीव तळमळत होता. आधीचा आकडा हवा होता, आधीच्या आकड्याशिवाय काहीच म्हणता येत नाही, असं तो स्वतःशी बोलू लागला. तेव्हा वहिनीने सांगितलं की आकडा आहे. पहिल्या रविवारी इथून घरी गेल्यावर यांनी तिलाच मोजायला बसवलं होतं, काडीने, पुठ्ठ्याला तेवढीच खिडकी कापून. शहाऐंशी निघाले होते. तिने दोनदा मोजले होते, कारण पहिल्यांदा त्यांना खरं वाटलं नव्हतं.

"दादा, या इकडे," तपासनीस म्हणाला. "बसा."

मेहुणा आला आणि खुर्चीत बसला. खिशातलं पाकीट वाकताना टोचत होतं, म्हणून त्याने ते काढून टेबलावर ठेवलं. वहिनीने ते उचललं नाही, पण ती त्याच्या जवळ येऊन उभी राहिली. फिल्मची टोपी त्याला लहान पडत होती. तपासनीसाने दोन्ही हातांनी ती दाबून धरली आणि मेहुण्याने कपाळ टेबलाला टेकवलं. बायकोने दिवा जवळ घेतला.

"किती झाले?" मेहुण्याने मधेच विचारलं.

"बोलू नकोस. चुकेल."

सुई थांबली. बायकोने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि या खेपेला तिला तसं कोणी सांगितलं नव्हतं. मग तिने सुई खाली ठेवली.

"एकशे तीन," ती म्हणाली. "दोन्ही वेळा."